ओसुनच्या निकालात विजेत्याच्या मताधिक्यापलीकडे पाहावे

संपादक महोदय,

नायजेरियातील ओसुन राज्यात ऑगस्ट 2026 मध्ये गव्हर्नरपदासाठी मतदान आहे. तिथला गव्हर्नर थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. अशा निवडणुकीची बातमी आपल्याकडे बहुतेक वेळा चार ओळींत आटोपते: अमुक जिंकला, इतक्या मतांनी. ओसुनच्या गेल्या दोन निवडणुकांत एवढीच बातमी छापली असती, तर पुढे खुलासा छापण्याची वेळ आली असती.

22 सप्टेंबर 2018 च्या मतमोजणीत पीडीपी या पक्षाचे अडेमोला अडेलेके यांना 2,54,698 आणि एपीसी या पक्षाचे गबोयेगा ओयेतोला यांना 2,54,345 मते पडली. मताधिक्य 353 चे. तरीही अडेलेके विजयी ठरले नाहीत, कारण सात मतदान केंद्रांवरचे मतदान रद्द झाले होते आणि तिथे 3,498 मतदार नोंदलेले होते. रद्द केंद्रांतले नोंदलेले मतदार मताधिक्यापेक्षा जास्त असतील तर निकाल अनिर्णित धरायचा, हा तिथल्या निवडणूक आयोगाचा नियम. पाच दिवसांनी त्या केंद्रांवर फेरमतदान झाले आणि ओयेतोला 482 मतांनी पुढे गेले. पुढे नियमात बदल झाला: आता नोंदणीचा आकडा न घेता त्या केंद्रांत मतदार कार्ड प्रत्यक्ष ताब्यात घेतलेल्यांचा आकडा धरतात. फरक किरकोळ नाही. 2022 मध्ये राज्यात नोंदणी सुमारे 19.5 लाख मतदारांची होती, कार्ड नेणारे सुमारे 14.8 लाखच. 2023 मध्ये अदामावा राज्याचा निकाल याच नव्या हिशेबाने अडला. तिथे 31,249 चे मताधिक्य होते, आणि रद्द केंद्रांतले कार्डधारक 37,016.

दुसरे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. त्यासाठी केंद्रावर काय घडते ते आधी पाहावे लागते. ओसुनमध्ये 30 स्थानिक प्रशासन क्षेत्रे, 332 वॉर्ड आणि 3,763 मतदान केंद्रे आहेत. सकाळी साडेआठला सुरुवात होते. दुपारी अडीचला जे रांगेत असतील त्यांना मत देता येते, नंतर येणाऱ्यांना नाही. केंद्रावरचा कर्मचारी बीव्हास नावाच्या हातातल्या यंत्रावर कार्ड तपासतो. मग बोटाचा ठसा, तो जुळला नाही तर चेहरा. दोन्ही जुळले नाहीत तर मत नाही. ओळख पटलेल्या प्रत्येक मतदाराची यंत्रात मोजणी होते आणि यादीतल्या नावापुढे खूण केली जाते. मतदान संपल्यावर केंद्रातच सगळ्यांसमोर मोजणी होते, आकडे ईसी-8ए या अर्जावर चढतात, पक्षांचे प्रतिनिधी सह्या करून प्रती घेतात. त्या अर्जाचा फोटो बीव्हासवरूनच आयोगाच्या संकेतस्थळावर चढवला जातो, तर मूळ कागद वॉर्ड, स्थानिक क्षेत्र आणि शेवटी राज्य अशा पायऱ्या चढतो.

ओळख पटलेल्यांपेक्षा पडलेली मते जास्त निघाली, तर त्या केंद्राचा निकाल रद्द करायचा, अशी 2022 च्या निवडणूक कायद्यात तरतूद होती. नेमके इथेच 2022 चा निकाल अडकला. अडेलेके 4,03,371 विरुद्ध 3,75,027 असे, म्हणजे 28,344 मतांनी जिंकले होते. 27 जानेवारी 2023 रोजी निवडणुकीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने 744 केंद्रांवर जास्तीची मते पडल्याचे मानून ती वजा केली आणि ओयेतोलांना विजयी ठरवले. आधार होता आयोगाच्या सर्व्हरवरून काढलेल्या अहवालाचा. आयोगाचे म्हणणे, तो अहवाल दिला तेव्हा सगळ्या यंत्रांतली माहिती सर्व्हरवर पोचलीच नव्हती. यंत्र नेटवर्कशिवायही ओळख पटवते, माहिती मागाहून वर जाते, त्यामुळे सर्व्हरवरचा आकडा मधल्या काळात कमी दिसतो. अपील न्यायालयाने मार्चमध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 मे 2023 रोजी अडेलेके यांच्या बाजूने निकाल दिला. जास्तीचे मतदान सिद्ध करायचे तर मतदारयादी, प्रत्यक्ष बीव्हास यंत्र आणि ईसी-8ए अर्ज, ही तिन्ही समोर लागतात.

म्हणूनच मतदानाच्या रात्री संकेतस्थळावरच्या फोटोंची बेरीज करून कुणी निकाल सांगू लागले, तर तो धरून चालू नये. फोटो अंधुक असतात, काही उशिरा चढतात. घोषणेचा अधिकार फक्त राज्याच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला असतो. अदामावात आयोगाच्याच राज्यातल्या आयुक्ताने मोजणी चालू असताना परस्पर विजेता जाहीर केला होता आणि आयोगाला तो रद्द करावा लागला.

जिंकण्यासाठी सर्वाधिक मते पुरत नाहीत हेही ध्यानात असू द्यावे. 30 पैकी किमान 20 स्थानिक क्षेत्रांत प्रत्येकी किमान एक चतुर्थांश मते हवीत. सरळ लढतीत ही अट सहज पार पडते, तिरंगी लढतीत घाम फोडू शकते. यंदा तर अडेलेके 2025 च्या अखेरीस पीडीपी सोडून अकॉर्ड पक्षात गेले आहेत. नायजेरियाच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसते, पक्षाचे नाव व चिन्ह असते. दोन निवडणुका ज्याने पीडीपीच्या छत्री या चिन्हापुढे अंगठा उमटवला, त्याला या वेळी वेगळा चौकोन शोधावा लागेल. बाद मतांचा आकडा या कारणाने वाढेल असे नाही, पण सवयीने छत्रीला गेलेली मते किती, यावर मला तरी प्रचारसभांच्या गर्दीपेक्षा जास्त लक्ष ठेवावेसे वाटते.

बाकी राज्यांपैकी बहुतेकांची निवडणूक 2027 च्या आरंभी असताना ओसुनची आधी का, हा प्रश्नही वाचकांना पडेल. 2007 च्या निवडणुकीचा वाद न्यायालयात साडेतीन वर्षे चालला. 26 नोव्हेंबर 2010 रोजी रौफ आरेगबेसोला विजयी ठरले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शपथ घेतली. चार वर्षांचा कालावधी शपथेपासून मोजतात, त्यामुळे राज्याचे वेळापत्रक कायमचे सरकले.

या वेळीही शपथविधी 27 नोव्हेंबरलाच असेल. निकालाला आव्हान देण्यास 21 दिवस, न्यायाधिकरणाला 180 दिवस आणि प्रत्येक अपिलाला 60 दिवस, अशी मुदत आहे. तेव्हा निकालाच्या बातमीत मताधिक्याच्या शेजारी रद्द केंद्रांतल्या कार्डधारकांची संख्या छापावी आणि न्यायालयीन निकालाची बातमी 2027 मध्येही द्यावी, ही विनंती.

आपला,
परदेश पानाचा एक वाचक