निकितिनचा स्तंभ आहे, त्याच्या वाटेचे काय?

महोदय,

रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच्या स्मरणार्थ 2002 साली स्तंभ उभारण्यात आला. तो एका शाळेच्या आवारात असल्याने अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांना त्याची गंधवार्ताही नसते. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोहोचला, त्याच्या पाव शतकाहून अधिक काळ आधी व्होल्गाकाठच्या त्वेर शहरातला हा माणूस होर्मुझहून एक घोडा घेऊन रेवदंड्यालगतच्या चौल बंदरात उतरला होता.

त्याचे खरे मोल मात्र चौलपासून पुढे सुरू होते. चौलहून पाली 8 दिवसांची वाट, तेथून डोंगराळ मुलूख, मग उमरी आणि जुन्नर, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात केली आहे. चार महिने अहोरात्र पाऊस आणि सगळीकडे चिखल, त्यातच शेतकऱ्यांची नांगरणी आणि पेरणी, हे त्याने लिहून ठेवले. सरदारांचे वैभव आणि खेड्यातल्या माणसांचे दारिद्र्य यांतली दरीही त्याने स्पष्ट शब्दांत मांडली आहे. पंधराव्या शतकातील दख्खनच्या सामान्य जीवनाविषयी, दरबाराशी बांधील नसलेल्या माणसाने लिहिलेला असा मजकूर फार थोडा उपलब्ध आहे, आणि म्हणूनच मला तो एखाद्या शिलालेखाइतका जपण्याजोगा वाटतो.

जुन्नरचा प्रसंग तर तेथील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवा. तेथील अधिकारी असदखान याने निकितिनचा घोडा काढून घेतला आणि इस्लाम स्वीकारलास तर घोडा व हजार मोहरा देईन, नाहीतर घोडा जाईल आणि वर हजार मोहरा दंड बसेल, असे बजावून 4 दिवसांची मुदत दिली. खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थानेच मध्यस्थी करून त्याचा घोडा आणि धर्म दोन्ही वाचवले. घोडा अखेर बहामनी राजधानी बिदरमध्ये विकला गेला. परतताना निकितिनने दाभोळहून जहाज धरले. पण त्वेर गाठण्यापूर्वीच स्मोलेन्स्कजवळ त्याचा अंत झाला.

पर्यटन संचालनालय आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांना माझी विनंती आहे, की रेवदंड्यातील मुख्य रस्त्यावर या स्तंभाकडे नेणारा ठळक मराठी फलक लावावा आणि पाली, जुन्नर व दाभोळ येथे रस्त्यालगत एकेक दगडी फलक उभारावा. त्यावर मान्यवरांच्या नावांऐवजी निकितिनने त्या त्या गावाविषयी जे लिहिले त्याचा मराठी अनुवाद कोरावा. त्याच्या आगमनाच्या सालाबद्दल अभ्यासकांत मतभेद असल्याने मजकूर जाणकार इतिहास संशोधकांकडून तपासून घ्यावा.

आपला,
एक वाचक