निळ्या खापरांसाठी थोडं गोडं पाणी

चौल-रेवदंड्याच्या आगरांत राहणाऱ्यांना आणि मुंबई-पुण्याला गेलेल्या सगळ्या चौलकरांना नमस्कार.

माडाचं आळं खणताना, विहिरीचा गाळ उपसताना निळ्या-हिरव्या चकाकीचं खापर निघतं. आपण 'चिनी' म्हणून ते बांधावर भिरकावतो. काही असतीलही चिनी. पण जाड, पिवळट मातीवर फिरोजी झिलई दिसली, तर तो तुकडा आठव्या ते दहाव्या शतकातल्या, इराकातल्या बसऱ्याकडच्या भट्टीत भाजलेल्या रांजणाचा असू शकतो. झिलईच्या या काचेसारख्या लेपात तांबं मिसळलं की हा रंग उतरतो. झिलईमुळे आतलं तेल किंवा खजुराचा पाक झिरपत नसे, म्हणून असे रांजण गलबतांवर चढत.

अरब प्रवासी अल मसूदी इ.स. 916च्या सुमारास इथे आला. तेव्हा चौलला अरब 'सैमूर' म्हणत आणि राज्य शिलाहार घराण्यातल्या झंझ राजाचं होतं. इराणच्या किनाऱ्यावरचं सिराफ बंदर, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक इथे घरं करून राहिल्याचं त्याने लिहून ठेवलंय. त्यांची इथेच जन्मलेली मुलं म्हणजे 'बयासिरा'. त्यांच्या घरातला एखादा रांजण फुटला असेल तो आपल्याच वाडीत!

आता अडचण. आमच्या छोट्या संग्रहातल्या खापरांची झिलई सुटतेय. खाऱ्या जमिनीतलं मीठ मातीत मुरलेलं असतं. पावसाळ्यात ते विरघळतं, हवा कोरडी झाली की त्याचे खडे धरतात आणि झिलई आतून उचलली जाते. उपाय साधा पण चिकाटीचा: क्षार नसलेल्या पाण्यात तुकडे बुडवायचे, पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, मग सावलीत हळूहळू वाळवायचं. ऊर्ध्वपातित पाणी, झाकणाचे डबे, ओल शोषणाऱ्या पुड्या आणि एक बंद कपाट, एवढ्यासाठी पैसे हवेत. शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल. रविवारी दोन तास हात दिलात तर त्याहून बरं.

घरी तुकडे असतील तर काथ्याने घासू नका. सुरुवातीला आम्हीच मळ समजून इंद्रधनुषी पापुद्रा खरवडला. ती जुनी झालेली झिलईच होती. आणि कृपा करून मुद्दाम खणू नका. आपसूक निघालं तर फोटो काढा, जागा आणि खोली लिहून ठेवा, आम्हाला कळवा. पुरातत्त्व खात्याला आम्ही सांगू. जागा माहीत नसलेलं खापर कपाटात नुसतं शोभेला राहतं.

पाणी मात्र पावसाळ्याआधी बदलायला घ्यायचंय.