माल्टनच्या लँकेस्टरसाठी काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला मेलनं धाडता आलं असतं. पण फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या प्रणालीसाठी, तुम्ही केलेली विमानं फुकट डाउनलोड करून घेणारे आम्ही कितीतरी जण, आणि त्यांतले दोन ओळी लिहिणारे फारच थोडे. एक अ‍ॅड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरला जोडायचं असं विमान, उभं करायला काय लागतं हे तर बहुतेकांना कधी कळतही नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे.

दुसऱ्या महायुद्धातली विमानं सिम्युलेटरवर उडवायची म्हटली, तर स्पिटफायर हवी तितकी मिळतात. कॅनडात बांधलेलं विमान मात्र शोधावं लागतं, आणि सापडलं तरी अनेकदा ते ब्रिटिश मॉडेलच असतं, वर फक्त रंग वेगळा. काहींवर तर मेपलचं लाल पान असतं, जे कॅनडाच्या हवाई दलाच्या वर्तुळाकार ओळखचिन्हात युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये आलं. तुमचं लँकेस्टर, म्हणजे चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान, मी पहिल्यांदा बाहेरून फिरून पाहिलं तेव्हा हा फरक नजरेत भरला. ते ओंटारिओतल्या माल्टनला बांधलेला ‘मार्क टेन’ हा प्रकारच आहे. सुरुवातीच्या विमानांचं एक मॉडेल, आणि नंतरच्यांचं वेगळं, ज्यात पाठीवरचा मार्टिन टरेट (मशीनगनचा फिरता बुरूज) थोडा पुढे सरकलेला आहे. एवढ्या फरकासाठी तुम्ही अख्खा सांगाडा पुन्हा बांधलात. कोणी मागितलं नव्हतं, कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

माल्टनच्या व्हिक्टरी एअरक्राफ्टनं अशी ४३० लँकेस्टर बांधली. पहिलं, केबी ७००, ऑगस्ट १९४३ मध्ये बाहेर पडलं आणि ‘रूर एक्सप्रेस’ या नावानं अटलांटिक ओलांडून गेलं. इंजिनं ब्रिटिश रचनेची मर्लिनच, पण अमेरिकेत पॅकर्डनं बांधलेली. आज तो कारखाना उभा नाही. आपली किती मराठी माणसं टोराँटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरतात, माल्टन-ब्रॅम्प्टनकडे बहिणीच्या नाहीतर मुलाच्या घरी जातात! ज्या धावपट्ट्यांच्या कडेला ती उतरतात, तिथेच हे सगळं घडलं, हे मला तुमच्यामुळे कळलं.

तुम्हाला पहिला मेल मी इंग्रजीत, भीतभीत लिहिला होता. माझा संगणक जुना, तुमचं विमान चढवलं की चित्र अडखळत चालायचं. आडनाव पाहून तुमचं उत्तर थेट मराठीत आलं, आणि सोबत माझ्या यंत्राला पेलतील अशी हलकी टेक्श्चर (विमानावर चढवायची रंगचित्रं). कॉकपिटमधल्या घड्याळांची अक्षरं मात्र तुम्ही मुळीच पुसट होऊ दिली नव्हती. ‘बाहेरचा रंग थोडा कमी दिसला तरी चालेल, आत बसलेल्याला आकडे वाचता आलेच पाहिजेत,’ असं तुम्ही लिहिलं होतंत. कोणासाठी काम करायचं हे ठाऊक असलेल्या माणसाचं ते वाक्य होतं.

मग विमान धावपट्टीवर डावीकडे का ओढतं, हे मी विचारलं. त्यावर तुम्ही जे समजावलंत ते मी कागदावर उतरवून संगणकाशेजारी चिकटवलं आहे. चारही पंखे एकाच दिशेनं फिरतात, शेपूट जमिनीवर असताना सुकाणूला वारा मिळत नाही, म्हणून डाव्या बाजूचे थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचे दांडे) आधी पुढे घ्यायचे, वेग आला की शेपूट उचलायची, सुकाणू हाताशी आलं की मगच चारही समान करायचे. आता हे माझ्या हाताला आपोआप येतं. विशी-बाविशीतली पोरं हेच अंधारात, पोटात बॉम्ब आणि पंखांत दोन हजार गॅलन पेट्रोल घेऊन करत होती, हा विचार मात्र दर उड्डाणाला येतो.

सगळ्यात मनापासून आभार मानायचे आहेत ते एका गोष्टीसाठी, जी तुम्ही माहितीपत्रकात फक्त एका ओळीत सांगितली आहे: डावी दोन्ही इंजिनं बंद पडली की मागचा टरेट फिरत नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो तांत्रिक तपशील वाटला. मग तुम्ही अँड्र्यू मायनार्स्कीबद्दल सांगितलंत. १९४४ च्या जूनमधली १२-१३ तारखेची रात्र, कॅनडाच्या ४१९ स्क्वाड्रनचं केबी ७२६ हे लँकेस्टर, फ्रान्समधल्या काँब्रेच्या रेल्वे यार्डावरची मोहीम. जर्मन लढाऊ विमानानं गाठलं, डावी दोन्ही इंजिनं गेली, आग लागली. टरेट फिरवणारा हायड्रॉलिक दाब इंजिनांबरोबरच गेला, हातानं फिरवायची सोय मोडली, आणि मागचा गनर पॅट ब्रॉफी आत अडकला. पाठीवरच्या टरेटमधला मायनार्स्की उडी मारायला निघाला होता. तो आगीतून मागे गेला, कुऱ्हाडीनं, मग नुसत्या हातांनी टरेट उघडायचा प्रयत्न करत राहिला. ब्रॉफीनंच त्याला जायला सांगितलं. जळत्या कपड्यांनिशी त्यानं मित्राला सलाम केला आणि उडी घेतली. भाजल्यामुळे तो वाचला नाही. विमान कोसळूनही ब्रॉफी वाचला आणि त्याच्यामुळेच हे जगाला कळलं. १९४६ मध्ये मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हे वाचून मी तुमच्या विमानात बसलो, उंची घेतली आणि डावी इंजिनं एकामागून एक बंद केली. मागच्या टरेटमध्ये जाऊन बघितलं. तो हलेना. काका, त्या रात्रीचं वर्णन कुठेही वाचायला मिळेल, पण कोणती गोष्ट कशामुळे घडली हे असं समोर मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. आग नाही, किंकाळ्या नाहीत, तसलं काही तुम्ही घातलंच नाहीत. ते घातलं नाहीत याबद्दलही आभार.

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या विमान संग्रहालयातलं एफएम २१३ हे लँकेस्टर मायनार्स्कीच्या विमानाची व्हीआर-ए ही अक्षरं अंगावर घेऊन उडतं. जगात उडू शकणाऱ्या दोन लँकेस्टरपैकी ते एक. तिथे जाऊन तुम्ही मोजमापं घेतलीत, फोटो काढलेत, इंजिनांचा आवाज टिपलात. सिम्युलेटरमध्ये इंजिनं सुरू होताना येणारा तो खोकल्यासारखा आवाज खराच आहे, हे सांगायला तुम्हाला किती आनंद झाला होता!

तुमच्या पिवळ्या प्रशिक्षण विमानांबद्दल कोणी फारसं बोलत नाही. हार्वर्ड, अ‍ॅन्सन, आणि माँट्रिऑलजवळच्या लाँगेइलला फेअरचाइल्डनं बांधलेलं बोलिंगब्रोक. १७ डिसेंबर १९३९ च्या करारानंतर कॅनडाभर वैमानिकशाळा निघाल्या आणि युद्ध संपेपर्यंत तिथून एक लाख एकतीस हजारांहून अधिक वैमानिक, नॅव्हिगेटर, गनर तयार झाले. नेमबाजीसाठी लक्ष्य ओढत नेणाऱ्या बोलिंगब्रोकवरचे काळे-पिवळे तिरपे पट्टे तुम्ही किती निगुतीनं रंगवले आहेत! लढाईतलं नाव न मिळालेल्या विमानाला इतका वेळ देणारे तुम्हीच.

आणि आता डाकोटा, ते मालवाहू विमान. मी सहज विचारलं होतं, कॅनडाची विमानं आपल्याकडे कधी आली होती का? त्यावर तुम्ही ४३५ आणि ४३६ स्क्वाड्रनची सगळी हकीकत लिहून पाठवलीत. १९४४ मध्ये तेव्हाच्या पंजाबातल्या गुजरात या गावी त्या उभ्या राहिल्या, मग इंफाळच्या खोऱ्यात तुलिहाल आणि कांगला इथून ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याला ब्रह्मदेशात रसद टाकत राहिल्या. त्याच मुलखात, सांगशाकला, मार्च १९४४ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली होती. कॅनडाच्या तुकड्या तिथे आल्या त्या काही महिन्यांनी, हेही तुम्हीच बजावलंत, म्हणजे मी उगाच दोन्हींची सांगड घालू नये.

४३६ च्या चिन्हात सोंडेत ओंडका धरलेलं हत्तीचं डोकं आहे. त्याचं चित्र तुम्हाला हवं तेवढं स्पष्ट मिळत नव्हतं. मी ते मोठ्या आकारात पुन्हा रेखाटायला घेतलं आहे, पुढच्या आठवड्यात पाठवतो. इंफाळच्या डोंगरांची उंची सिम्युलेटरमध्ये बरोबर उतरली आहे का, तेही तपासून ठेवतो. मालाचं दार काढून टाकलेलं मॉडेल झालं की कळवा, रात्री कितीही वाजता चाचणीला बसेन.

काकूंना नमस्कार सांगा. प्रकृतीची काळजी घ्या.

तुमचा,
सांगलीचा पुतण्या