फोटोखालचे दोन आकडे : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मुलांना आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश वाचता यावेत, याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आम्ही शिक्षक आपल्या विभागाला सतत फोटो पाठवत असतो. वृक्षारोपणाचा, पोषण आहाराचा, रंगवलेल्या भिंतीचा. फोटोच्या तळाशी एक काळी पट्टी लागते: गाव, तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश. पट्टी नसेल तर फोटो परत. घरकुलाच्या हप्त्याला तीच पट्टी, आणि ई-पीक पाहणीत तर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहूनच पिकाचा फोटो काढायचा. म्हणजे सरकारला अख्ख्या महाराष्ट्राकडून ते दोन आकडे हवे असतात. पण ते पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना वाचता येतात? सरपंचांना विचारा, पालकांना विचारा, आमच्याच शिक्षकांच्या खोलीत विचारा. ‘ॲप आपोआप टाकतं’ एवढंच उत्तर मिळेल.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. पुस्तकांबद्दल माझी तक्रार नाही. बालभारतीच्या सहावीच्या भूगोलात अक्षवृत्तं आहेत, रेखावृत्तं आहेत, दोन्ही मिळून होणारी वृत्तजाळी आहे, सगळं नीट मांडलेलं आहे. तक्रार आहे ती पुढे त्याचं जे होतं त्याची. एकेक अंशाने अक्षवृत्तं १८१, रेखावृत्तं ३६०, हे पोरं झोपेतसुद्धा सांगतात. पण आपलं गाव त्यातल्या कोणत्या दोन रेषांच्या मध्ये येतं, असं विचारलं की वर्ग चिडीचूप. दहावीपर्यंत नकाशा म्हणजे दुकानातून आणलेला भारताचा कोरा नकाशा, त्यात बंदरं नि अभयारण्यं भरायची, सूची करायची, गुण घ्यायचे. त्या नकाशात तापी नखाएवढी असते आणि गाव तर नसतंच.

खरं तर ही जाळी शिकवायला खान्देशाइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. २१ उत्तर अक्षवृत्त जळगाव शहरातून जातं. ७४ पूर्व रेखावृत्त अक्कलकुव्याजवळून, ७५ चाळीसगावजवळून, ७६ रावेर नि मुक्ताईनगरच्या थोडं अलीकडून. तीन उभ्या रेषा, लक्षात राहणार नाही असं पोर मला अजून भेटायचं आहे. २१ आणि ७५ एकमेकांना छेदतात ते अमळनेरच्या नैर्ऋत्येला सात-आठ किलोमीटरवर, शेतशिवारात. असे पूर्ण अंशांचे छेद आपल्या भागात मोजकेच, आणि त्यातला एक आमच्या तालुक्याच्या गावापासून सायकलच्या अंतरावर! तिथे ना फलक, ना साधा दगड. दुसऱ्या देशात असता तर लोकांनी तिथे चहाची टपरी टाकली असती. हेच २१ अक्षवृत्त पूर्वेकडे धरत गेलं तर व्हिएतनामची राजधानी हनोई जवळजवळ त्याच्यावरच लागते. हे सांगितलं की वर्गातल्या पृथ्वीगोलावर पहिल्यांदा स्वतःहून बोट फिरतं.

आणखी एक गोष्ट. ग्रिनिचची शून्य रेषा ठरण्याच्या कितीतरी आधी आपल्या ज्योतिर्विदांची मूळ रेषा उज्जैनवरून जात होती. ती सरळ दक्षिणेला ओढली तर भुसावळवरून जाते. चाळीसगावजवळच्या पाटणला गणिती-ज्योतिर्विद भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे; आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. आमच्या सहली पाटणादेवीला जातात, धबधबा बघून परत येतात.

आता शिकवायचं कसं, तर मी जे करतो ते सांगतो. मैदानावर फक्की मारून दहा बाय दहाची चौकट आखायची आणि उभ्या-आडव्या रेषांना आकडे द्यायचे. ‘चार, सात’ म्हटलं की मुलाने त्या छेदावर जाऊन उभं राहायचं. आडवी आधी की उभी आधी यावरून इथेच भांडणं होतात, ती होऊ द्यावीत. मग शिक्षकाचा एक फोन आणि पाच-सहा मुलांचा गट. जागेचे अंश, मिनिटं (अंशाचा साठावा भाग) आणि सेकंद (मिनिटाचा साठावा भाग) दाखवणारं कुठलंही फुकट ॲप चालतं. कडुनिंबाखाली उभं राहिलं की आकडे थरथरत राहतात, उघड्यावर आलं की स्थिरावतात. उत्तरेकडे तोंड करायचं आणि चालायला लागायचं. एकाची नजर पडद्यावर, बाकीची पावलं मोजणार. सेकंदाचा आकडा सरकला की पडद्यावालं पोर ओरडतं. अक्षांशाचा एक सेकंद सरायला साधारण ३१ मीटर चालावं लागतं. पूर्वेकडे वळलं की अक्षांश जागच्या जागी थांबतो नि रेखांश पळू लागतो. आपल्याकडे त्याचा सेकंद मात्र २९ मीटरमध्येच सरतो. एका सेकंदाला हा फरक फोनच्या चुकीत बुडून जातो, म्हणून पाटाच्या रस्त्याने दहा-दहा सेकंद चालवायचं. मग इकडे ३१० मीटर, तिकडे २९०, पावलांचा हिशेब जुळत नाही. कुणीतरी विचारतंच, “सर, दोन्हीकडे सारखं का नाही?” पृथ्वीगोल काढायची वेळ ती. रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, हे वाक्य पाठ करून घ्यावं लागत नाही.

चुका तर याहून उपयोगाच्या. मुलं हमखास दोन करतात. पहिली, आकड्यांची अदलाबदल. जळगावचे २१ आणि ७५.५६ उलटे टाकले की जळगाव नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकच्या समुद्रात जाऊन पडतं. वर्ग हसून लोळतो आणि अक्षांश आधी लिहायचा हे कायमचं बसतं. दुसरी चूक मोठी माणसंही करतात. २१ अंश ३० मिनिटं म्हणजे २१.३० नव्हे, २१.५०. या एका गैरसमजाने जागा तब्बल २२ किलोमीटर सरकते. सातपुड्यातलं गाव तापीकाठी येऊन बसतं. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांवर हा घोळ मी स्वतः पाहिला आहे.

साधनांचा प्रश्न नाही. गुगल मॅप्सवर बोट दाबून धरलं की दोन्ही आकडे समोर येतात. गुगल अर्थवर जाळीच्या रेषा दाखवता येतात. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे, त्यावर शाळांसाठी वेगळा विभागही आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून नागरिकांना फुकट उतरवून घेता येतात. त्यांच्या जुन्या क्रमांकांत जवळजवळ अख्खा खान्देश ४६ क्रमांकाच्या चौकटीत बसतो: नंदुरबार ४६ के, धुळे ४६ एल, ७६ च्या पलीकडे गेलं की मुक्ताईनगर ५५ मध्ये. त्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. विहिरी, नाले, पायवाटा, देवळं, सगळं असतं. हा नकाशा वर्गात जमिनीवर पसरला की मुलं त्यावर अक्षरशः पालथी पडतात. पण किती शाळांत त्यांच्या परिसराचा छापील नकाशा आहे? आमच्याकडे आहे तो मी धुळ्याहून झेरॉक्स करून आणलेला, चार तुकडे चिकटवून.

‘इंटरनेट नाही’ हे कारण पुढे येईल. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, महोदय. फोन उपग्रहांकडून थेट जागा काढतो. निदान चार उपग्रह दिसले की झालं. नकाशा आधी उतरवून ठेवला तर रेंज नसलेल्या दरीतही ठिपका बरोबर जागेवर पडतो. अनेक शिक्षकांनाही हे ठाऊक नाही, कारण प्रशिक्षणात कुणी सांगितलेलं नाही.

आणि याची खरी गरज रेंज नसलेल्या दरीतच आहे. नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत एक गाव म्हणजे दूरदूर विखुरलेले पाडे. कागदावर गावाचं एकच नाव, पाडे मात्र वेगवेगळ्या टेकड्यांवर. बाळंतीण बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावी लागल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात आपणही वाचता. रस्ता नाही हे त्याचं मूळ कारण, आणि नकाशा शिकवून रस्ता होत नाही, एवढं मलाही कळतं. पण रस्त्यापर्यंत गाडी यायची तरी कुठे, हे सांगताना पुष्कळ वेळ जातो. गावाचं नाव सांगावं तर गाडी भलत्याच पाड्याच्या फाट्यावर उभी राहते. पाड्यातल्या सातवीतल्या पोरीच्या वहीत आपल्या पाड्याचे आणि जवळच्या गाडीवाटेचे दोन-दोन आकडे लिहिलेले असतील, तर टेकडीवर रेंज मिळाल्यावर आशाताई ते १०८ ला वाचून दाखवू शकतील. पुढे त्याच पोरी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर पाड्यांची नावं, हातपंप, पायवाटा देवनागरीत टाकू शकतात. उपग्रहाच्या चित्रात छपरं दिसतात. पाड्याचं नाव तिथल्या माणसालाच माहीत असतं. एक पथ्य मात्र पाळायचं: मुलाचं नाव आणि त्याच्या घराचे आकडे एकत्र कुठेही चढवायचे नाहीत. शिक्षकांना ही सूचना लेखी जायला हवी.

मोबाईलबद्दल पालक कुरकुर करतील, आणि त्यांचं चुकीचं नाही. मुलांच्या हाती फोन दिला की रील्स सुरू होतात, हे शाळेबाहेरच्या पारावर रोज दिसतं. म्हणूनच फोन शिक्षकाचा, गटाला एक, आणि तोही मैदानावर. शाळेला टॅब वाटण्याची योजना यातून निघू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. आधी वाटलेले टॅब कपाटात कुलपात आहेत.

जाता जाता सावलीचं. खान्देश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जळगावला हा दिवस २५ मेच्या आसपास, नंदुरबारला त्यानंतर एक-दोन दिवसांनी, आणि जळगावची वेळ घड्याळात साधारण १२ वाजून २५ मिनिटं. बाराला का नाही, तर आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या ८२ अंश ३० मिनिटं रेखावृत्तावर लावलेली आणि आपण तिथून सात अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरा, म्हणजे अठ्ठावीस, त्यातली दोन-तीन सूर्य मे महिन्यात भरून काढतो. अक्षांश आणि रेखांश दोन्ही एका काठीने शिकवता येतील असा हा दिवस. पण मे महिन्यात शाळेला सुट्टी, आणि जुलैमध्ये तो पुन्हा येतो तेव्हा आभाळ भरलेलं. शाळेचं वेळापत्रक बदला म्हणत नाही. पण त्या दिवशी मुलांना तासभर मैदानावर बोलवायला परवानगी असू द्या, उन्हाचं कारण काढून कुणी शिक्षकाला नोटीस धाडू नये.

मागणं फार नाही. सहावीत ‘माझ्या गावाचं स्थान’ हे प्रात्यक्षिक सक्तीचं व्हावं आणि त्याला अंतर्गत मूल्यमापनात गुण असावेत, कारण गुणांशिवाय आमच्याकडे काही हलत नाही. प्रत्येक शाळेला तिच्या परिसराचा सर्वेक्षण विभागाचा नकाशा छापून, लॅमिनेट करून मिळावा. शाळेच्या दर्शनी फलकावर युडायस हा शाळेचा सरकारी ओळख-क्रमांक असतोच, त्याच्याखाली शाळेचे अक्षांश-रेखांश रंगवावेत, अंश-मिनिट-सेकंदांत आणि दशांशांत दोन्ही. रात्री-बेरात्री गाडी बोलावणाऱ्याला तेही उपयोगी पडतील. शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायचं तर ते सभागृहात स्लाइड दाखवून नको, मैदानावर घ्या.

सगळ्या राज्यात एकदम जमत नसेल तर सुरुवात अक्राणी-अक्कलकुव्यापासून करा. तिथल्या बऱ्याच आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे येतात, आपल्याकडे नव्हे. म्हणून या पत्राची प्रत त्या विभागाच्या मंत्रिमहोदयांनाही पाठवत आहे. दोन विभागांत ही फाईल अडकू नये, एवढं आपण पाहावं.

कळावे.

आपला,
एक भूगोल शिक्षक
ता. अमळनेर, जि. जळगाव