मार्लीताई, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते

अभिनेत्री मार्ली मॅटलिन यांस,
सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहणारी मराठी आई. माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी टीव्हीवर काही विनोदी लागलं की आम्ही हसायचो, ती आमच्या तोंडांकडे बघायची आणि मग हसायची. कशाला हसतोय ते न कळता. तिचं ते मागून येणारं हसू माझ्या जिवाला लागायचं.

ती वाचू लागली आणि आम्ही टीव्हीवरची कॅप्शन्स, म्हणजे बोलणं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी, सुरू केली. रिमोटचं एक बटण दाबलं, झालं! त्यासाठी एके काळी वेगळा डबा विकत आणावा लागे, हे मला फार उशिरा कळलं. 1990 साली अमेरिकेत कायदा झाला आणि जुलै 1993 पासून 13 इंची किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्हीत ती सोय आतच बसवणं सक्तीचं झालं. कॅप्शन्ससाठी झटणाऱ्यांत तुम्ही पुढे होतात, ताई.

अठरा महिन्यांच्या असताना तुमची श्रवणशक्ती गेली. ‘चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड’ या पहिल्याच चित्रपटासाठी 1987 मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, तुम्ही ऑस्कर घेतलंत आणि आभाराचं भाषण खुणांच्या भाषेत केलंत. साऱ्या जगासमोर. आमच्याकडे मात्र ‘चारचौघांत हातवारे नकोत’ असंच सगळे सांगायचे, आणि मीही कितीदा तिचे हात धरून खाली केले. तुमचं ते भाषण पाहिलं त्या रात्री मी तिची माफी मागितली, आणि खुणा शिकायला घेतल्या.

‘कोडा’ या चित्रपटात कर्णबधिर वडिलांची भूमिका ऐकू येणाऱ्या नटाला देणार असाल तर मी चित्रपट सोडते, असं तुम्ही ठणकावलंत. ती भूमिका ट्रॉय कोट्सर यांनी केली आणि 2022 मध्ये त्यांनाही ऑस्कर मिळालं. तोवर पस्तीस वर्षं अभिनयाचं ऑस्कर मिळालेल्या कर्णबधिर कलाकार तुम्ही एकट्याच होतात. दार उघडून आत गेलात, पण ते मागच्यांसाठी धरून ठेवलंत.

परवा आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. पात्राचं वाक्य पुरं व्हायच्या आतच लेकीनं ते पडद्यावर वाचलं आणि खो खो हसत सुटली. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. आमचं हसू तिच्या मागून आलं.

तुमची ऋणी,
एक आई