छायाचित्राखाली आणखी एक ओळ हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी टिपलेली वन्यप्राण्यांची छायाचित्रे नियमित प्रसिद्ध होतात. प्रत्येकाखाली प्राण्याचे आणि छायाचित्रकाराचे नाव असते. ते छायाचित्र कसे मिळाले, हे मात्र कधीच कळत नाही. तेवढी एक ओळ छापली जावी, यासाठी हे पत्र.

पंख पसरून थेट कॅमेऱ्याकडे झेपावणारे घुबड पाहून वाचक थक्क होतो. या छंदात मुरलेल्या माणसाला मात्र आधी शंका येते, की समोर जिवंत उंदीर सोडला होता काय. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून नर पक्ष्याला जवळ आणणे हाही त्यातलाच प्रकार. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो पिलांना भरवायचे सोडतो आणि नसलेल्या शत्रूला हुसकायला फांदीफांदीवर फिरतो. घरट्यांचे तर विचारूच नये. आड येणारी पाने बाजूला केली की चित्र स्वच्छ येते, पण त्याच पानांनी पिलांवर सावली धरलेली असते आणि कावळ्याच्या नजरेपासून त्यांना झाकलेले असते. हे मी ऐकीव सांगत नाही. उमेदीच्या काळात मीही एक फांदी दोरीने बांधून बाजूला घेतली होती. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते. ते छायाचित्र फार चांगले आले आहे आणि आजवर मी ते कुणाला दाखवलेले नाही.

मोकळ्या माळावरच्या प्राण्यांना आपली नुसती गर्दीही बाधते. केनियातील मसाई मारा येथील चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात मादीची एका वेतातली सरासरी २.३ पिले स्वतंत्र होईपर्यंत वाढली, तर जास्त वर्दळीच्या भागात जेमतेम ०.२. चित्ता प्रामुख्याने दिवसा शिकार करतो, हे लक्षात घेतले म्हणजे गाड्यांच्या गराड्यात त्याचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

वाट पाहून काय साधते, याचीही उदाहरणे आहेत. रिचर्ड आणि चेरी किअर्टन हे इंग्रज बंधू पक्षी बुजू नयेत म्हणून बैलाच्या कातड्याचे पोकळ सोंग करून त्यात कॅमेऱ्यासह लपत. आज लांब पल्ल्याची लेन्स आणि आवाज न करणारे शटर हाताशी असताना जवळ जाण्याचा अट्टहास कशासाठी, हे मला खरोखर समजत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०२० साली सर्वोत्कृष्ट ठरलेले, झाडाला कवटाळणाऱ्या अमूर वाघिणीचे छायाचित्र सेर्गेई गोर्श्कोव्ह यांना अकरा महिन्यांहून अधिक काळ थांबल्यावर मिळाले. वाघांचे केस, ओरखडे आणि वास यांचा माग काढून त्यांनी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा, लावला आणि वाघिणीला तिच्या वेळेने येऊ दिले.

याच स्पर्धेत २००९ चा सर्वोच्च पुरस्कार पुढच्या जानेवारीत काढून घ्यावा लागला, कारण फाटकावरून उडी मारणारा तो लांडगा पाळीव असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. २०१८ मध्ये आणखी एक विजेते चित्र बाद झाले. त्यातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. छायाचित्रकाराने हे नाकारले, हेही सांगायला हवे. जाणत्या परीक्षकांचीही जिथे फसगत होते, तिथे आपल्या पुरवणीच्या संपादकांनी केवळ चित्र पाहून खरेखोटे ओळखावे, अशी अपेक्षा कुणी करणार नाही. विचारणे मात्र शक्य आहे: आमिष दाखवले का, आवाज वाजवला का, प्राणी बंदिस्त होता का, अंतर साधारण किती होते? उत्तर टाळणाऱ्याचे चित्र घेऊ नये. दुर्मीळ प्राण्याचे नेमके ठिकाण छापू नये, आणि घरट्यातल्या पिलांची जवळून घेतलेली छायाचित्रे निवडीपूर्वीच परत पाठवावीत, मग ती माझी असली तरी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक व छायाचित्रकार