घरी सोडलं खरं, पण रात्रीच्या दुखण्याचं कुणी सांगितलंच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या अण्णांचं (माझे वडील, वय 66, सगळा जन्म पॉवरलूमवर गेला) हर्नियाचं ऑपरेशन झालं. सकाळी ॲडमिट, दुपारी ऑपरेशन, संध्याकाळी सहाला घरी. डे केअर म्हणतात याला. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही, तक्रार आहे ती रात्री अकराच्या पुढची.

रिक्षात अण्णा गप्पा मारत आले, म्हणले काहीच दुखत नाही की, लोकांनी उगीच घाबरवलं. आम्ही पण निवांत झालो. जखमेत दिलेली भूल आणि निघताना टोचलेलं पेनकिलर अजून उतरायचं होतं हे आम्हाला कुठं माहीत. पॅरासिटामॉलच्या पुढं इंग्रजीत एसओएस लिहिलेलं, विचारलं तर सिस्टर म्हणल्या दुखलं तरच द्या. आता अण्णांसारख्या माणसाला दुखलं तर घ्या म्हणलं की ते घेतच नाहीत, सहन होतंय, कशाला उगीच गोळ्या, किडनी खराब होते असं म्हणत रात्री एकपर्यंत दात दाबून पडून राहिले, शेवटी एक घेतली. ती कुठली पुरतीय, दोन वाजता कूस बदलता येईना आणि खोकल्याची उबळ आली तर डोळ्यातनं पाणी. त्यांना असं रडताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

कार्डवरचा नंबर रिसेप्शनचा, कुणी उचलला नाही. शेजारच्या काकू धावत त्यांच्याकडची अंगदुखीची गोळी घेऊन आल्या, मी देणारच होते पण मागं वाचलं तर त्यात पण पॅरासिटामॉल, म्हणजे तासाभरात डबल डोस. तब्येत चांगली असलेल्या मोठ्या माणसाला सुद्धा 24 तासात सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर चालत नाही, वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या, अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत ते असतं, हे किती घरांत माहीत आहे?

मग मावसबहिणीला उठवलं, ती नर्स आहे. फोनवर तिनं जे सांगितलं ते डिस्चार्जच्या वेळी कुणी पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर ती रात्र टळली असती. ती म्हणली, पहिले दोन दिवस गोळी दुखायची वाट बघून द्यायची नसते, घड्याळ बघून द्यायची, डॉक्टरला विचारून सहा-सहा तासाला, कारण दुखणं एकदा चढलं की तीच गोळी पुरत नाही. डायक्लोफेनॅकसारखी गोळी उपाशीपोटी नको, आणि अल्सर, किडनी, रक्त पातळ करायची औषधं यातलं काही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, उठताना आधी कुशीवर वळायचं, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं. ट्रॅमाडॉलसारख्या जोरदार गोळीनं मळमळतं, संडासला घट्ट होतं, आणि हर्नियाच्या माणसाला जोर करायचा नसतो, म्हणून पाणी आणि ताक भरपूर, कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस बाजूला (अण्णांना हेच सगळ्यात जड गेलं). लघवी अडली, ताप आला, जखम लाल होऊन सुजली, पोटरी सुजली, किंवा वेळेवर गोळ्या देऊनही दुखणं वाढतच गेलं तर सकाळची वाट बघायची नाही, गाडी काढायची. दम लागला तर अजिबातच नाही.

आम्ही तरी शहरात राहतो आणि आमच्या घरात एक नर्स आहे. सोलापुरात ऑपरेशनला अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या खेड्यांतनं लोक येतात, विजयपूर, कलबुर्गीकडनं येतात, संध्याकाळी डिस्चार्ज घेऊन एसटीनं परत जातात, रात्री दोनला गावात कुठलं मेडिकल उघडं असणार?

म्हणून शहरातल्या सगळ्या हॉस्पिटलना, सरकारी असो की खाजगी, हात जोडून विनंती आहे. दुखण्याचं बोलणं ऑपरेशनच्या आधीच करा, नंतर पेशंट गुंगीत असतो आणि नातेवाईक बिलाच्या लायनीत. गोळ्यांच्या वेळा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, नुसतं एसओएस नको. रात्री उचलला जाईल असा एक मोबाईल नंबर द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन करा. आणि तो कागद मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्ये पण काढा, पूर्व भागातल्या कितीतरी घरांत पेशंटची सेवा करणारी आजी तेलुगूच वाचते.

– एक वाचक, सोलापूर